बिनडागाचं गुलाबजल

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मधे मधे हसलात की माझी लिंक तुटते, आणि लिंक तुटली की मी चिडतो. मी चिडलो की काय होतं, ते मंगरूळपीर तालुक्यात कुणालाही विचारा.

आणखी एक. हा किस्सा मी पश्चात्ताप वगैरे म्हणून सांगत नाहीये. माती खाल्ली, हो, खाल्ली. पण ताठ मानेने खाल्ली!

तीस वर्षं झाली, मी या तालुक्याचा वार्ताहर आहे. बी.ए. झालो तेव्हा मास्तरकी मिळत होती, ती सोडून या धंद्यात पडलो. तलाठ्यापासून वरपर्यंत कुणाला सोडलं नाही. धमक्या आल्या, नोटिसा आल्या, एका ठेकेदाराने तर माझ्या स्कूटीच्या सीटवर शेण थापलं. मी ते शेण पुसलं, सीटवर बसलो आणि त्याच्या पुढच्या पुलाची बातमी लावली. पण तीस वर्षांत माझ्या एकाही बातमीचा खुलासा छापावा लागला नाही. खुलासा म्हणजे काय, माहीत आहे ना? आम्ही छापलं ते चुकीचं होतं, असं आम्हीच आमच्या पेपरात छापायचं. पत्रकाराने भर बाजारात स्वतःचे कान धरण्यासारखं आहे ते.

असा मी. आणि मला आडवं कुणी पाडलं? गुलाबाने! बाभळीने पाडलं असतं तर एक वेळ समजू शकलो असतो.

तर झालं असं. आमच्या ओळखीच्या वसंतरावांच्या पुतणीचं लग्न होतं. आपल्याकडच्या लग्नाचं तुम्हाला माहीतच आहे. मांडवाच्या तोंडाशी दोन करवल्या उभ्या असतात. एक हातात फूल देते, दुसरी गुलाबदाणी हलवून अंगावर गुलाबजल शिंपडते. मी लग्नाला कायम पांढरा शर्ट घालतो. आणि दर लग्नानंतर त्या शर्टावर गुलाबी ठिपके पडलेले असतात. लग्नसराई संपेपर्यंत माझा शर्ट गोवर आलेल्या पोरासारखा दिसतो. आमची निर्मला, म्हणजे आमच्या सौभाग्यवती, ते ठिपके लिंबू चोळचोळून काढते आणि प्रत्येक ठिपक्यामागे एक वाक्य मला ऐकवते. त्यामुळे गुलाबजल म्हणजे काय, हे मला पाठ आहे. हळद पिवळी, कुंकू लाल, गुलाबजल गुलाबी. यात शंका घ्यायला काय आहे?

त्या दिवशी मांडवात शिरलो. शिंपडलं. सवयीने शर्टाकडे पाहिलं. ठिपका नाही!

मी परत मागे गेलो. म्हटलं, "बाई, पुन्हा शिंपडा." तिने शिंपडलं. ठिपका नाही. तिसऱ्यांदा गेलो. चौथ्यांदा मीच तिच्या हातातली गुलाबदाणी घेतली आणि छातीवर उलटी केली. शर्ट चिंब झाला, आतलं बनियन दिसायला लागलं, पण ठिपका म्हणाल तर एक नाही.

वसंतराव धावत आले. "काय झालं भाऊ? गरम होऊन राह्यलं काय? कूलरपाशी बसवू?"

"वसंतराव, हे पाहुण्यांवर काय शिंपडता तुम्ही?"

"गुलाबजल."

"हे पाणी आहे."

"आता बाप्पा! पानी कसं असन? वास पाहा ना. पुरा मांडव महकून राह्यला."

मी हुंगलं. चांगलं लांब हुंगलं. कशाचा वास न् कशाचं काय! "हा वास तुमच्या व्याह्यांच्या अत्तराचा आहे," मी म्हटलं. "गुलाब म्हणजे काय गंमत वाटली का? इराणातून आला तो इकडे. मुघलांच्या बेगमा गुलाबाच्या हौदात न्हायच्या. तिकडे इंग्लंडात दोन राजघराणी लढली, एकाच्या निशाणीवर लाल गुलाब, दुसऱ्याच्या निशाणीवर पांढरा. वर्षानुवर्षं लढली!"

"फुलासाठी?" वसंतरावांना आश्चर्य वाटलं. "आमच्या इकडं शेताच्या धुऱ्या-बांधासाठी लढतात. चला, तुमी जेवून घ्या. जिलबी गरम हाय."

जेवण मी केलं. पण जाता जाता स्वयंपाकाच्या मांडवातून रिकामी बाटली पुरावा म्हणून खिशात घातली. तिच्यावर लिहिलं होतं, 'शुद्ध नैसर्गिक गुलाबजल. चेहऱ्याला तजेला, डोळ्यांना थंडावा.' खाली आसेगावच्या एका महिला बचत गटाचं नाव आणि फोन नंबर.

शुद्ध! नैसर्गिक! माझं रक्त उकळलं. बायाबापड्यांच्या चेहऱ्यावर नळाचं पाणी फासायचं आणि वर तजेला म्हणायचं?

आता तुम्ही म्हणाल, तुम्ही त्या बाईंना विचारलं का? विचारलं! म्हणजे फोन लावला. एकदा. घंटी वाजत राहिली, कुणी उचलला नाही. मग मी बातमीत लिहिलं, 'संबंधितांशी संपर्क साधण्याचा प्रयत्न केला असता संपर्क होऊ शकला नाही.' हे वाक्य आमच्या धंद्यातली छत्री आहे. हे उघडलं की खाली उभं राहून काहीही लिहिता येतं. आणि प्रयोगशाळेत तपासणी? प्रयोगशाळा कशाला पाहिजे, शर्ट होता ना माझा!

तिसऱ्या दिवशी बातमी आली. जिल्ह्याच्या पानावर, तीन कॉलम. 'गुलाबजलाच्या बाटलीत निव्वळ पाणी! आसेगावच्या बचत गटाकडून ग्राहकांची फसवणूक'. मी पेपर टेबलावर अशा कोनात ठेवला, की चहा आणणाऱ्या माणसाला मथळा पहिला दिसावा.

चहा आणणारं माणूस म्हणजे निर्मला. तिने वाचलं. आत गेली. बाहेर आली तेव्हा हातात तशीच बाटली, पण अर्धी भरलेली.

"हे का?"

मी दचकलो. "आपल्याकडे कुठून आली ही?"

"मी चार महिन्यांपासून हेच लावून राह्यली चेहऱ्याले. मुलतानी मातीत कालवून. शेजारची वहिनीबी लावते. सगळे म्हनतात, चेहरा किती उजळला."

आणि इथे मी एक वाक्य बोललो. लग्न झालेल्या मित्रांनो, हे वाक्य ऐकून ठेवा आणि जन्मात कधी उच्चारू नका. मी म्हटलं, "मला तर काही फरक दिसला नाही."

त्या दिवशी चहा मिळाला नाही. तांब्याभर पाणी समोर आदळलं गेलं. "घ्या. गुलाबजल."

मी तडक बसस्टँडजवळच्या टपरीवर गेलो. तिथे माझा ठरलेला बाक आहे, नालीला लागून. टपरीवर कितीही गर्दी असो, तो बाक मला रिकामाच मिळतो. लोक मान देतात, दुसरं काय! पलीकडे दाटीवाटीने उभे राहतील, पण माझ्या बाकावर कुणी बसणार नाही.

मी तंबाखू-सुपारीचा खर्रा मळत होतो, तेवढ्यात एका ऑटोतून तीन बाया उतरल्या. पुढची पन्नाशीची, डोक्यावर पदर, मनगटापर्यंत दोन्ही हातांवर बारीक बारीक ओरखडे आणि मुठीत आपला पेपर. टपरीवाल्याने बोट दाखवलं. त्या सरळ माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. नाकाला पदर लावला.

"हे लिवनारे तुमीच काय?"

"मीच."

"मी कांताबाई. आसेगावची."

"तुमचा फोन लागला नाही," मी छत्री उघडली.

"लागला होता. मी फुलं खुडत होती. दोनी हातात काटे होते. पुन्हा काहून नाई लावला?"

मी खर्रा तोंडात टाकला. काही प्रश्नांना खर्रा हेच उत्तर असतं.

"सायेब," ती म्हणाली, "रविवारी वाशिमले बचत गटाचं प्रदर्शन हाय. आमाले स्टॉल भेटला होता. पहिल्यांदाच. आज सकाळीच तालुक्याच्या मॅडमचा फोन आला. म्हने, पेपरात असं छापून आलं तं आता खुलासा आना, नाईतं स्टॉल दुसऱ्या गटाले जाईन. अकरा बाया हाय आमी. पुरा हंगाम पाहाटी उठून फुलं खुडली. दोनशे बाटल्या भरून ठेवल्या. आता त्या आमी विहिरीत ओतू काय?"

"ते मला सांगू नका. खुलासा मी देत नसतो. तीस वर्षांत दिला नाही."

"म्हंजे खोटं छापता, अन् खुलासा छापत नाई?"

टपरीवाल्याने गॅस बारीक केला, फसफसण्यात एखादं वाक्य बुडू नये म्हणून.

"खोटं?" मी उभा राहिलो. "बाई, गुलाबजलाला रंग असतो! तुमच्या पाण्याला रंग नाही, वास नाही."

"वास नाई?" ती माझ्याकडे पाहत राहिली. मग नालीकडे पाहिलं. मग पुन्हा माझ्याकडे. तेव्हा मला वाटलं, बाई घाबरली. "बरं," ती हळूच म्हणाली, "मंग असं करा. उद्या या आसेगावले. तुमच्या डोयासमोर काढतो. मंग तीन वाट्या ठेवतो पुऱ्या गावासमोर. हुंगून सांगा, गुलाबजल कोन्तं. तुमी बरोबर सांगतलं तं आमी भट्टी मोडतो, स्टॉलबी नाई पाह्यजे. चुकलं तं खुलासा. त्याच पानावर."

"मंजूर!" मी इतक्या मोठ्याने म्हटलं की स्टँडच्या पार टोकाच्या बसमधल्या कंडक्टरनेही वाकून पाहिलं. अहो, हुंगायला काय अक्कल लागते? कुत्रंही हुंगतं!

दुसऱ्या दिवशी सकाळी आसेगावला पोचलो. गावाबाहेर कांताबाईंच्या शेतातल्या विहिरीभोवती गुलाबाची झाडं. दुकानात सेलोफेनमध्ये गुंडाळून मिळतो तो ऐटबाज लांब दांड्याचा गुलाब नव्हे. हा गावठी. छोटा, फिकट, भरगच्च पाकळ्यांचा, आणि काटे असे की झाडाने जणू वकील ठेवलाय.

मी इतिहासाला हात घातला. "हा गुलाब मूळचा इराणचा बरं का..."

"हा माह्या सासूचा हाय," कांताबाई म्हणाली. "आमच्या घरी बुद्धवंदनेले फूल लागे. इकत कोठून आनाव? म्हनून तिनं एक काडी लावली. त्या एका काडीचं हे सारं रान."

"गुलाब हे प्रेमाचं प्रतीक..."

"असन. आमी वंदनेत म्हनतो, हे फूल जसं कोमेजते तसं हे शरीरबी एक दिवस कोमेजनार हाय. सासू म्हने, फूल हे ध्यानात ठेवासाठी वाहाव." तिने टोपली काखेत मारली. "मी म्हनलं, कोमेजनारच हाय तं त्याच्याआधी त्याचं पानी काढून घेऊ."

आता सांगा, अशा बाईपुढे इंग्लंडची राजघराणी काय कामाची?

चुलीवर मोठा गंज, म्हणजे पातेलं, ठेवलेला. त्यात पाकळ्या आणि पाणी, मधोमध एक रिकामी वाटी, गंजावर उलटं झाकण आणि झाकणावर बर्फ. खालून वाफ वर जाते, गार झाकणाला लागते आणि थेंब थेंब वाटीत पडते. थोड्या वेळाने कांताबाईने झाकण उचललं. वाटीत पाणी. स्वच्छ, नितळ, आरपार दिसणारं.

"धरलं!" मी ओरडलो. "बघा लोकहो! रंग कुठे आहे?"

गाव जमलं होतं. कांताबाईने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मास्तर नापास पोराच्या बापाकडे पाहतात. "सायेब, चहा कोन्त्या रंगाचा असते?"

"तांबडा."

"अन् चहाची वाफ?"

तीस वर्षं मी रोज दहा-दहा चहा पितोय. त्यातल्या एकाही कपाने मला हे सांगू नये?

"मंग लगनात गुलाबी असते ते?" मागून कुणीतरी विचारलं.

"तो रंग असते बाजारचा. अन् वास शिशीतला. तोंडाले लावलं तं पुरळ उठते," कांताबाई म्हणाली.

सरळ माणूस असता तर इथेच थांबला असता. पण मी पत्रकार आहे. माझा एक मुद्दा पडला की मी दुसऱ्यावर उभा राहतो. म्हटलं, "रंगाचं राहू द्या. वासाचं ठरलंय ना? आणा वाट्या!"

गावात येऊन समाजमंदिराच्या ओट्यावर तीन स्टीलच्या वाट्या मांडल्या. पंच म्हणून किसनआबा बसले, गावातले सगळ्यांत म्हातारे. "घ्या सायेब," ते म्हणाले, "आमच्या जमान्यात हुंगायचं काम जनावराच्या डाक्टरकडं होतं. आता पेपरवाल्याकडं आलं."

मी पहिली वाटी उचलली. डोळे मिटले. हुंगलं. काही नाही.

दुसरी. हुंगलं. काही नाही.

तिसरी. काही नाही!

घाम फुटला. पुन्हा पहिली. पुन्हा दुसरी. मी इतका जोराने श्वास ओढला की थोडं पाणी नाकात गेलं आणि ठसका लागला. गाव बघतंय. अकरा बाया ओळीने उभ्या, एकीच्याही पापणीची हालचाल नाही.

आता माणसाने काय करावं? 'मला काही कळत नाही' म्हणावं? मी? छे! मी बुद्धी चालवली. वाट्या उजेडात तिरक्या करून पाहिल्या. पहिली आरपार. दुसरी आरपार. तिसरी मात्र किंचित दुधाळ! म्हणजे पहिल्या दोन वाट्यांत पाणी, तिसऱ्या वाटीत पाण्याखेरीज काहीतरी आहे. आणि काहीतरी आहे म्हणजे गुलाब आहे. याला म्हणतात शोधपत्रकारिता!

"ही!" मी तिसरी वाटी उंच धरली. "हे खरं गुलाबजल. अहाहा, काय सुगंध आहे!"

अकरा बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. मला वाटलं, बसला धक्का. मग मी आणखी पुढे गेलो. कुणी सांगितलं होतं का? नाही! तरी गेलो. ओंजळीत ते पाणी घेतलं आणि दोन्ही गालांवर, कपाळावर, मानेवर खसखसून चोळलं. म्हटलं, "नैसर्गिक सौंदर्यासाठी याच्यासारखं दुसरं नाही. बेगमा हेच वापरायच्या!"

किसनआबांचे खांदे आधी हलले. मग पोट. मग सगळा म्हातारा हलायला लागला. "अबे," ते डोळे पुसत म्हणाले, "सायबानं तं तोंडाले फोडनी देल्ली!"

मग जे हसू फुटलं ते पार शेतातल्या विहिरीवरचे पारवे उडवून गेलं. अकरा बाया एकमेकींच्या गळ्यात पडल्या. एक बाई तर ओट्यावरच बसली.

"पहिलीत विहिरीचं पानी," कांताबाईने सांगितलं. "दुसरीत आमचं गुलाबजल. अन् तिसरीत हिंग कालवला होता."

"हिंग?" मी गालावरचा हात नाकाशी नेला. काही नाही. "हा डाव आहे! हिंगाचं ठरलं नव्हतं!"

"तीन वाट्या ठरल्या होत्या ना?" किसनआबा म्हणाले. "मंग तिसरी काय उपडी ठेवाची होती?"

"तुमी नुसता अंदाज माराल, हे मले वाटलंच होतं," कांताबाई म्हणाली. "म्हनून एक वाटी अशी ठेवली, का ज्याचं नाक चालते तो तिच्याकडं तोंड करनार नाई."

"पण तुम्हाला संशय आलाच कसा?"

"काल टपरीवर. त्या नालीत काय मेलं होतं देवाले ठाऊक. आमी तिघी पदर लावून उभ्या, सारे लोक त्या टोकाले. अन् तुमी एकटे नालीपाशी मजेत खर्रा मळून राह्यले."

माझा मानाचा बाक! तीस वर्षांचा मान!

कांताबाई जवळ आली. हसणं थांबलं होतं तिचं. दुसरी वाटी माझ्यापुढे धरली. "भाऊ, पुन्हा एकदा हुंगा. घाई नाई."

मी हुंगलं. अकरा बायांचा अख्खा हंगाम त्या वाटीत होता. पुरं गाव ज्याने महकत होतं, म्हणे. माझ्यापर्यंत त्यातलं काही आलं नाही.

"तुमाले वासच येत नाई ना, भाऊ?"

डोक्यात एकेक आठवायला लागलं. दूध करपून काळं झालं तरी मी शेजारच्या खोलीत बातमी लिहीत बसलेला. निर्मला अगरबत्ती बदलून विचारायची, 'ही कशी वाटते?' आणि मी म्हणायचो, 'झकास.' पेपराच्या रविवारच्या पुरवणीत मी पहिल्या पावसात मातीला सुटणाऱ्या वासावर दोन लेख लिहिलेत. कशावरून लिहिले? मागच्या वर्षीच्या लेखावरून!

पुढे वाशिमच्या डॉक्टरने नाकात बॅटरी मारून पाहिलं. म्हणाला, नाकात मांस वाढलंय. "वास येणं कधीपासून बंद झालं?" मी म्हटलं, "डॉक्टर, बंद झालं हेच मला गुरुवारी कळलं."

पण ते नंतर. त्या दिवशी मी तोंडाला आसेगावचा हिंग लावून घरी आलो. निर्मलाने दार उघडलं, एक पाऊल मागे सरकली. "कोनाच्या वरनात पडले काय?"

मी तिला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, हसेल. नाही हसली. स्वयंपाकघरात गेली, परत आली, म्हणाली, "मंग बसा खुलासा लिवाले. ती बाई वाट पाहून राह्यली असन."

लिहिला. लिहिणार नाही तर काय! शब्द दिला म्हणजे दिला. पण मी वाकणारा माणूस नाही. मी सहाशे शब्दांचा खुलासा लिहिला. त्यात गुलाबाचा इतिहास घेतला. वाफेचं शास्त्र घेतलं. बाजारातल्या रंगीत गुलाबजलावर आसूड ओढले, आणि ते आजही ओढतो! लग्नाच्या मांडवात लोकांच्या अंगावर रंग आणि शिशीतला वास उडवणाऱ्यांना कुणी विचारत नाही, आणि खरं करणारीने सिद्ध करून दाखवायचं, हा कुठला न्याय? असं सगळं लिहिलं. माझी चूक कुठे होती, ते चौथ्या परिच्छेदाच्या शेवटी, कंसात घातलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी संपादकांचा फोन आला. "अरे, हा खुलासा आहे की प्रबंध?"

"साहेब, एक शब्द कापू नका. तत्त्वाचा प्रश्न आहे."

"तत्त्व राहू दे. जागा दोन ओळींची आहे. चूक कशी झाली, ते एका वाक्यात सांग."

"एका वाक्यात सांगता येणार नाही."

"प्रयत्न कर."

"साहेब, त्याला अनेक पैलू आहेत. एक तर सामाजिक..."

"एका वाक्यात!"

माझा तोल गेला. मी ओरडलो, "मला वास येत नाही! झालं समाधान?"

"झालं," साहेब म्हणाले आणि फोन ठेवला.

शनिवारी खुलासा छापून आला. त्याच पानावर, चौकटीत. 'आसेगाव येथील महिला बचत गटाचे गुलाबजल शुद्ध व नैसर्गिक आहे. आमचे वार्ताहर श्री.', इथे माझं नाव, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, 'यांना वास येत नसल्याने चुकीचे वृत्त प्रसिद्ध झाले.'

तुम्हाला कल्पना नसेल, पण तालुक्याच्या वार्ताहराचं नाव पेपरात येत नाही. आमच्या बातमीवर फक्त 'तालुका प्रतिनिधी' असतं. तीस वर्षं मी साहेबांशी भांडलो, की नावानिशी छापा. शेवटी छापलं!

रविवारी निर्मला मला ओढत वाशिमच्या प्रदर्शनाला घेऊन गेली. कांताबाईंचा स्टॉल होता. होता म्हणजे काय, त्याच्यासमोर सगळ्यांत जास्त गर्दी होती. अकरा बाया सारख्या साड्या नेसून उभ्या, आणि दोनशेतल्या मोजक्या बाटल्या उरलेल्या. बाया आधी स्टॉलच्या खांबापाशी थांबत, काहीतरी वाचत, तोंडावर हात ठेवून हसत आणि मग बाटली घेत.

मी पुढे झालो. खांबावर माझा खुलासा टांगला होता. कांताबाईंनी तो पेपरातून नीट कापून, मोठा करून, जाड प्लास्टिकमध्ये लॅमिनेट करून घेतला होता.

तीस वर्षांत मी या जिल्ह्यासाठी किती लिहिलं! पूल लिहिले, धरणं लिहिली, घोटाळे लिहिले, सरकारला जाब विचारला. लोकांनी त्यात भजी बांधून नेली. जपून ठेवावं, पाण्याने भिजू नये, असं माझ्या लेखणीतून आजवर काय उतरलं असेल, तर ते एवढंच, की मला वास येत नाही.